बैलाच्या झुलीला घाम

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री अकराच्या पुढे मामेबहिणीचा फोन आला. "ताई, बैलांना घाम फुटून राहिला ना! काय करू?" ती नागपुरात मानेवाड्याकडे राहते आणि घरूनच केक-कुकीजच्या ऑर्डरी घेते. सोसायटीतल्या पोरांना बोजारा म्हणून द्यायला तिच्याकडे साठ बैल सांगितले होते. तळहाताएवढी कुकी, नंदीबैलाच्या आकाराची, अंगावर पांढरं फॉन्डंट, पाठीवर जांभळी झूल, कपाळाला पिवळं बाशिंग आणि शिंगांना लाल बेगड. संध्याकाळी सातला सगळे बैल सजून ताटांत उभे होते. बाहेर दिवसभर झड लागलेली. ठीक राहावेत म्हणून तिने ती ताटं तासभर फ्रिजमध्ये ठेवली आणि नऊला बाहेर काढली. साडेनऊला झुली चकाकायला लागल्या. दहाला त्यांच्यावर मोहरीएवढे थेंब दिसू लागले. अकराला जांभळा रंग बैलांच्या पोटावरून ओघळत होता. फ्रिजचं मात्र तिने मला अगदी शेवटी, आवाज खाली करून सांगितलं.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की पोळ्याचा दिवस खऱ्या बैलांचा आणि दुसरा दिवस, म्हणजे तान्हा पोळा, पोरांचा. पोरं लाकडी नंदी सजवून, स्वतःही नटूनथटून घरोघर जातात आणि मोठ्यांकडून बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, घेतात. नागपूरकर ही प्रथा दुसऱ्या रघुजी राजे भोसल्यांनी 1806 साली सुरू केल्याचं सांगतात. त्याच दिवशी शहरातून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. म्हणजे ऐन भाद्रपदाच्या तोंडाशी, हवा ओल्या फडक्यासारखी जड असताना, नागपुरात रंगीत सजावटीला सर्वांत जास्त मागणी असते. साखरेला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडायचा नाही.

बहिणीला मी म्हटलं, बैलांना आता हात लावू नको, पुसू तर अजिबात नको. एसीच्या खोलीत ताटं नीट सुटी मांड, पंखा लाव आणि झोप. सकाळी साठापैकी चव्वेचाळीस बैल कोरडे झाले होते. उरलेल्यांच्या झुली काढून नव्या घातल्या. एसी खोली गार करतो तसा हवेतलं पाणीही काढून घेतो. त्याच्या नळीतून गॅलरीत टपटप पडतं ते हेच पाणी. फ्रिजने मात्र उलटं केलं होतं. पावसाळ्यात 26 अंशांची, जवळजवळ पूर्ण भिजलेली हवा 24 अंशांपेक्षा गार वस्तूला टेकली की त्या वस्तूवर दव धरते. माठाबाहेर पाझरतं ते माठातलं पाणी. फ्रिजमधल्या बाटलीवर जमतं ते हवेतलं. बैलांच्या अंगावरचा घामही हवेतलाच.

या प्रकरणात मला फॉन्डंटबद्दल जे सांगायचंय ते सगळं याच पाण्याभोवती फिरतं. बाजारात रंग मिळतात, साचे मिळतात, फुलाच्या पाकळ्या उठवायची प्लास्टिकची हत्यारं मिळतात. पाणी सांभाळायचं हत्यार मिळत नाही, आणि नागपूरसारख्या गावात, जिथे मे महिन्यात ओठ फुटतात आणि ऑगस्टमध्ये मीठ पाझरतं, तिथे तेच लागतं.

फॉन्डंट हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ विरघळणारा. मूळ फॉन्डंट म्हणजे आपला गोळीबंद पाकच. पाण्यात साखर उकळत 112 ते 116 अंशांवर नेली की त्या पाकाचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाकल्यावर बोटांत त्याची मऊ गोळी होते; थर्मामीटर न बघता आपल्या आज्या हेच तापमान मोजत होत्या. हा पाक न हलवता कोमट होऊ द्यायचा आणि मग जोरात घोटायचा. काचेसारखा पारदर्शक पाक बघता बघता दुधाळ होतो, कारण त्यात एकदम असंख्य बारीक स्फटिक जन्म घेतात आणि प्रकाश विखुरतो. स्फटिक 20 मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान राहिले तर जिभेला ते कणकण लागत नाहीत, लोण्यासारखे वाटतात. पाक गरम असतानाच ढवळला की मोठे स्फटिक बनतात आणि सगळं रवाळ होतं. ज्यांच्या बर्फीला कधी साखर सुटली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या वेळी पाकात दोन थेंब लिंबू पिळायला सांगणारी सासू रसायनशास्त्रच सांगत असते: आंबटामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि ही दोन भावंडं मोठे स्फटिक जुळू देत नाहीत. बेकरीतलं लिक्विड ग्लुकोज याच कामासाठी असतं.

नागपूरला या कामाची जुनी सवय आहे. होळीला इथे लहान मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या घालतात, पाडव्याला त्याच गाठ्या गुढीला. होळीच्या आधी इतवारीत गाठ्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. गाठीचा कारागीर पाक घोटतो आणि तो गढूळ व्हायला लागला की दोरा ओवलेल्या लाकडी साच्यात ओततो. त्याला स्फटिक हवेच असतात, तेही पटकन आणि कडक; लिंबू तिथे शत्रू. संक्रांतीच्या हलव्याचे दागिने ही तर आणखी एक पायरी वरची. तिळावर किंवा साबुदाण्यावर मंद आचेवर थेंब थेंब पाक चढवत काटा आणायचा, आणि त्याचे हार, बाजूबंद, मुकुट करून नव्या सुनेला किंवा बाळाला घालायचे. केकवर साखरेची फुलं बघून "हे काय नवीन खूळ" म्हणणाऱ्यांना मी याची आठवण करून देते. साखर अंगावर घालणारे लोक आपण; बैलावर घातली तर काय बिघडलं?

कुकीवर लाटून चढवतात ते फॉन्डंट मात्र वर सांगितलेला घोटलेला पाक नव्हे. ती साखरेची कणीक आहे. घरी करायचं तर 1 किलो पिठीसाखरेला साधारण 10 ग्रॅम जिलेटिन, 60 मिलिलिटर पाणी, अर्धा कप लिक्विड ग्लुकोज, एक मोठा चमचा ग्लिसरीन आणि दोन चमचे वनस्पती तूप. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. जिलेटिन जाळं विणतं, म्हणून ही कणीक ताणली की लांबते, तुटत नाही. ग्लुकोज स्फटिकांना रोखतं. ग्लिसरीन पाण्याला धरून ठेवतं. तूप हाताला आणि पोळपाटाला चिकटू देत नाही. आणि पिठीसाखर वस्त्रगाळ हवी. घरच्या मिक्सरमधली साखर कितीही फिरवली तरी त्यात रवा राहतो आणि लाटताना पारी तिथेच फाटते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडं कॉर्नफ्लोअर घातलेलं असतं, हेही ध्यानात ठेवावं, कारण तेही पाणी पितं.

जिलेटिनपाशी नागपुरातल्या निम्म्या ऑर्डरी अडतात. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघतं. ज्या घरात नंदीची पूजा होते त्या घरी बैलाच्या आकाराच्या कुकीवर ते चढवायचं म्हणजे जरा अतिच. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक घरगुती बेकर शाकाहारी फॉन्डंट घेतात किंवा चायना ग्रास, डिंक, सीएमसी यांवर भागवतात. सीएमसी लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंपासून बनते, पांढरी पूड असते आणि चिमूटभर घातली तरी कणकेला ताठपणा आणते. यातला डिंकाचा मार्ग सर्वांत जुना. सोळाव्या शतकातल्या युरोपात ट्रॅगाकॅन्थ नावाचा, कतीऱ्यासारखा पाण्यात फुगणारा डिंक साखरेत मळून श्रीमंतांच्या मेजवान्यांसाठी ताटवाट्या आणि पेले घडवत. जेवण झालं की पाहुणे ती भांडी मोडून खात. जिलेटिनचा ताण डिंकाला येत नाही हे खरं, पण कुकीवर ताण लागतोच कुठे? तीन मजली केकवरून झालर सोडायची असेल तर गोष्ट वेगळी. सपाट बैलासाठी डिंक पुरतो.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. कुकीवरची बारीक नक्षी, जाळी, मोत्यांची रांग हे बहुतेक वेळा फॉन्डंट नसून रॉयल आयसिंग असतं. ते पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटून करतात, कोनातून सोडतात आणि वाळलं की चिनीमातीसारखं टणक होतं. त्यातल्या 'रॉयल'चा संबंध राणी व्हिक्टोरियाच्या 1840 सालच्या लग्नातल्या 300 पौंडी पांढऱ्या केकशी जोडतात. या कलेत आज जगभर घेतलं जाणारं एक नाव पुण्याचं आहे. प्राची धबल देब यांनी इंग्लंडमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंगचे धडे घेतले, आणि इथल्या गिऱ्हाइकाला अंडं चालत नाही म्हणून बिनअंड्याचं आयसिंग विकसित करायला लावलं. त्यातून त्यांनी मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे 100 किलोची प्रतिकृती उभी केली, जवळजवळ 1500 सुटे भाग जोडून, आणि 2022 साली लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने तिची नोंद घेतली. मला यात विक्रमापेक्षा अंड्याची गोष्ट मोठी वाटते. आपल्या स्वयंपाकघरातली अट मान्य करून तिच्यातून नवं साहित्य काढलं गेलं.

आता खालची कुकी. तिच्याबद्दल लोक फार कमी विचार करतात आणि मग बैलाचा हत्ती होतो. आपल्या ओळखीची नानकटाई या कामाला निरुपयोगी आहे. ती तुपाची, खुसखुशीत. ओव्हनमध्ये फुगते, पसरते आणि डोक्यावर भेगा पडल्या तरच चांगली जमली म्हणायची. वर्ध्याचा गोरसपाक मला जगातल्या कुठल्याही बिस्किटाहून प्रिय आहे, पण त्याच्यावर फॉन्डंट चढवायला निघालेल्या माणसाशी मी बोलणार नाही. सजावटीची कुकी निर्विकार हवी. साच्यातून जशी कापली तशीच भाजून बाहेर यायला हवी. त्यासाठी बेकिंग पावडर वर्ज्य. 300 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ. अर्धा सेंटिमीटर जाड लाटायचं, कापायचं, कापलेले बैल अर्धा तास फ्रिजमध्ये (या वेळी फ्रिज चालतो) आणि मग 170 अंशांवर बारा-चौदा मिनिटं, कडा जेमतेम बदामी होईपर्यंत. बटरमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्या पाण्याने मैद्याला किंचित चिवटपणा येतो आणि बैलाची शिंगं मोडत नाहीत. तूप वापरायचं असेल तर ते 160 ग्रॅमच घ्यावं आणि दोन-तीन चमचे दूध घालावं, नाहीतर साच्यातून शेपूट सुटी होऊन हातात येते.

चिकटवणं ही जागा मी जरा जवळून दाखवते, कारण सगळे घोळ इथेच होतात. फॉन्डंटचा गोळा आधी हातावर मळून ऊबदार करायचा, कॉर्नफ्लोअर भुरभुरलेल्या पोळपाटावर दोन मिलिमीटर जाडीची पारी लाटायची. लाटण्याला पुढे-मागे जोर न देता प्रत्येक फेरीला पारी चतकोर फिरवायची. करंजीची पारी लाटता येणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. ज्या साच्याने कुकी कापली त्याच साच्याने पारी कापायची. कुकी ओव्हनमधून निघाल्यावर दोनेक मिनिटांत, ती अजून गरम असताना, पारी तिच्यावर अलगद ठेवली तर खालची बाजू वितळून स्वतःच चिकटते. वर तळहात ठेवायचा, दाबायचा नाही. कुकी गार झाली असेल तर ब्रशने पाण्याचा हात, तोही जवळजवळ कोरडा. इथे नवशिक्या मुली पाणी चोपडतात. दहा मिनिटांनी पारी बैलाच्या पाठीवरून घसरते, आणि साखरेचा चिकट पाक कडेने बाहेर येतो. झुलीचा तुकडा वेगळा कापून लावायचा, आणि त्याची किनार करंजीच्या कातण्याने काढायची. कातण्याची ती नागमोडी धार झुलीच्या झालरीसाठीच केली असावी इतकी शोभते. घुंगरमाळेसाठी साबुदाण्याएवढ्या गोळ्या. वेसणीला पिवळ्या फॉन्डंटची शेवई वळायची. ती तुटली की दुसरी, एवढंच.

फॉन्डंट चढलं तरी पाण्याचा प्रवास थांबत नाही. भाजलेली कुकी जवळजवळ कोरडी असते, फॉन्डंटमध्ये ओल असते. दोघं अंगाला अंग लावून डब्यात राहिली की पाणी वरून खाली उतरतं. कुकी मऊ पडते, फॉन्डंट कडक होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुरकुरीतपणा गेलेला असतो. याला तोडगा म्हणून मधे पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात देतात, कारण चरबीतून पाणी सहज जात नाही. जॅम लावतात तेही चवीला बरं, पण तो ओलाच. कुकी आणखी लवकर मऊ पडते. कुकीज दोन दिवसांत खाल्ल्या जाणार असतील तर यातलं काहीच करू नये. मी तरी करत नाही.

रंगाचं पान मी सविस्तर लिहिणार आहे. भारतात खाण्यात घालायला आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे: पॉन्सो 4 आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, टार्ट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. ज्या पदार्थांत ते चालतात तिथली साधारण मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम. दुकानात जेल रंगांच्या पंचवीस छटांच्या कुप्या दिसतात, पण झाकणामागचं बारीक अक्षर वाचलं की याच आठांची निरनिराळी मिसळण निघते. बिननावाच्या पुड्यांत काय असेल याची खात्री नसते. 2024 च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने बुढ्ढी के बालवर बंदी घातली, ती गुलाबी रंगात रोडामाइन बी सापडल्यामुळे. तो कापड रंगवायचा रंग. जत्रेतला झगझगीत गुलाबी बघितला की मला आता झूल आठवत नाही, झूल रंगवणारा आठवतो.

फॉन्डंटला पातळ, पाण्यातला रंग घालू नये, हे तर वाचकाच्या आता लक्षात आलंच असेल. एक चमचा पाणी गेलं की कणीक ढिली. जेल रंग घ्यायचा, तोही टूथपिकच्या टोकाने, आणि गोळा ताणून-दुमडून मळायचा. आधी रेघा दिसतात, मग संगमरवर, मग एकसंध. संगमरवरावर थांबलेली झूल मला जास्त आवडते, पण गिऱ्हाईक म्हणतं, "रंग नीट नाही मिसळला हो." गडद छटा रात्रभर ठेवल्यावर आणखी गडद होतात, म्हणून आदल्या दिवशी मळून हव्यापेक्षा एक पाऊल फिक्यावर थांबायचं. काळी मारबत काढायची असेल तर पांढऱ्या गोळ्यात काळा ओतत बसू नये. तो करडा होतो, मग जांभळट, आणि काळा होईपर्यंत कडू. आधी कोको घालून तपकिरी करायचा, मग काळा थोडकाच लागतो. तरी खाणाऱ्याची जीभ संध्याकाळपर्यंत मारबतीला शोभेल अशीच राहते. पिवळी मारबत सोपी. तिच्यासाठी हळद वापरून पाहायला हरकत नाही, मात्र हळद उजेडात विटते, आणि खालच्या कुकीत खायचा सोडा असेल तर लालसर पडते, कुंकवासारखी.

उजेडात विटणारी हळद एकटी नाही. एरिथ्रोसिनही प्रकाशाला हळवं आहे. गुलाबी आणि निळा मिसळून केलेला जांभळा खिडकीजवळ ठेवला तर त्यातला गुलाबी आधी उडतो, निळा मागे राहतो. हे पुढे लागेल.

नागपुरात फॉन्डंटचं वर्ष पंचांगासारखं वाचावं लागतं. शुद्ध साखर हवेतलं पाणी ओढायला लागते ती हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास गेल्यावर. पण फॉन्डंटमध्ये ग्लुकोज आणि ग्लिसरीन असतं, त्यांची तहान त्याच्या कितीतरी आधी जागी होते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे आर्द्रता अनेकदा 80 च्या वर राहते. त्या दिवसांत ग्लिसरीन निम्मं करावं, सीएमसी चिमूटभर वाढवावी, पोळपाटावर पिठीसाखर न टाकता कॉर्नफ्लोअर टाकावं, आणि सजलेल्या कुकीज उघड्या ताटात मिरवत न ठेवता कोरड्या खोलीत वाळवून लगेच पिशवीबंद कराव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुगीचा काळ. सदर आणि मोहननगरकडे नाताळाचे केक भाजले जातात, लग्नाच्या ऑर्डरी येतात, आणि फॉन्डंट शहाण्या मुलासारखं वागतं.

मग उन्हाळा. 23 मे 2013 रोजी नागपूरचं तापमान 47.9 अंशांवर गेलं होतं. (30 मे 2024 ला इथल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क 56 अंश दाखवले. हवामान खात्याने तपासून यंत्राचा दोष असल्याचं सांगितलं. गावातल्या कित्येकांना मात्र यंत्राचंच बरोबर वाटलं.) अशा दुपारी आर्द्रता वीसच्याही खाली जाते आणि पावसाळ्यातली सगळी सूत्रं उलटी करावी लागतात. पारी लाटून साचा आणेपर्यंत तिच्यावर पापुद्रा येतो, आणि उचलली की टाचेला पडतात तशा भेगा. ग्लिसरीनचे थेंब वाढवायचे, हाताला तूप, न वापरलेला गोळा प्लास्टिकमध्ये घट्ट. बटर 32 अंशांच्या पुढे वितळायला लागतं, म्हणून कुकीज कापायचं काम पहाटेच आटपायचं.

आणि कूलर. बाहेरच्या शहरांतले बेकिंगचे शिक्षक याबद्दल काही सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे कूलर नसतो. नागपुरात तो खिडकीत बसवलेला घरचा माणूस आहे. भिजलेल्या ताट्यांतून हवा ओढून तो खोली गार करतो, म्हणजेच खोलीत सतत पाणी सोडतो. माझ्या बहिणीच्या पहिल्या उन्हाळ्यात एकाच टेबलावर दोन तऱ्हा झाल्या: कूलरच्या झोतातली फुलं चिकट, आणि झोताबाहेर कपाटाआडची फुलं तडकलेली. तिला वाटलं गोळ्यांचं माप चुकलं. दोन्ही फुलं एकाच गोळ्यातली होती. तेव्हापासून मे महिन्यात ती कूलर बंद करून, घाम पुसत, पहाटे चारला फॉन्डंट लाटते. "माह्या घामाचं चालते," ती म्हणते, "बैलाच्या नाही."

चवीचं बोलणं टाळता येत नाही. फॉन्डंट चवीला फारसं बरं नसतं. ते नुसतं गोड असतं, गोडाला कुठलीच दिशा नसलेलं. लग्नाच्या केकवरचं जाड फॉन्डंट लोक सोलून बशीच्या कडेला ठेवतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. दोन मिलिमीटरांवर मी अडून बसते ती याचसाठी. बाकीची चव कुकीने द्यायला हवी, आणि नागपुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला इथला संत्रा वर्षातून दोनदा येतो, आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. त्याची साल सैल असते, किसणीवर धरली की खालची फोड दबते, म्हणून साल आधी सोलून, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून मग बारीक चिरायची आणि साखरेत चोळायची. साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि नारिंगी, ओलसर होते. ती साखर पिठात. रस मात्र फॉन्डंटमध्ये घालायचा मोह आवरावा. रसात पाणी आहे आणि आंबटही आहे; आंबटाने साखर फुटते आणि गोळा दुसऱ्या दिवशी चिखल होतो. संत्र्याच्या वासाची कुकी, वर पातळ फॉन्डंट: पहिला घास साखरेचा लागतो, दुसऱ्यापासून संत्र्याचा.

त्या साठ बैलांचं काय झालं? तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी पोरं नंदी ओढत आली, फेटे सरकलेले, एकाच्या नकली मिशा घामाने ओठावर आलेल्या. बोजाऱ्यात पिशवीबंद बैल मिळाला तसा बहुतेकांनी जिन्यावरच फोडला. आधी शिंगं खाल्ली, मग झूल सोलून चाटली. एका पाच वर्षांच्या पठ्ठ्याने मात्र खाल्ला नाही. बहिणीच्या शेजारच्या घरातलाच तो. त्याने बैल पिशवीतून काढला आणि दिवाणखान्याच्या खिडकीत, आपल्या लाकडी नंदीशेजारी, टेकवून उभा केला. कोणी हलवू म्हटलं की भोकाड पसरायचा.

दिवाळीच्या साफसफाईला तो त्याच्या आईला सापडला आणि तिने तो बहिणीला आणून दाखवला, बहिणीने मला. एव्हाना पाऊस सरून कोरडी हवा सुरू झाली होती. फॉन्डंट नखाने टोचत नव्हतं इतकं कडक झालेलं, बुरशीचा एक ठिपका नाही; साखर पाणी असं धरून ठेवते की बुरशीच्या वाट्याला काही उरत नाही. खालची कुकी मात्र खवट वासाची होती, आणि मागच्या पायाशी मुंग्यांनी एक गोल भोक पाडलं होतं. झूल खोलीकडच्या बाजूने अजून जांभळी होती. खिडकीकडच्या बाजूने ती निळी झाली होती.